एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र की एम.एस्सी. कृषी?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

एरवी मला येणारी पत्रं मिरीच्या वेली का सुकल्या, जायफळाची पानं का पिवळी पडली, अशी असतात. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या की तेच वाचक मुलांच्या शिक्षणाचं विचारू लागतात. यंदा अशी बरीच पत्रं आली, त्यांतली चार घेते. पहिल्याला जास्त जागा देणार आहे. १९७८ साली मला कुणाला पत्र लिहून विचारता आलं असतं, तर मी अगदी हेच विचारलं असतं.

प्रश्न : बाई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. आमचं पोफळी-मिरीचं छोटं कुळागर आहे. मला झाडांच्या रोगांवर काम करायचंय. घरचे म्हणतात, गोवा विद्यापीठात एम.एस्सी. कर, ताळगाव जवळ आहे. मैत्रीण म्हणते, रोगांवर काम करायचं तर शेतकी विद्यापीठातच जायला हवं. दोन्हींत फरक तो काय? झाड तेच, रोग तोच ना?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : बाय, झाड तेच, रोगही तोच. घरं मात्र दोन आहेत आणि त्यांची दारं वेगळ्या बाजूंना उघडतात. हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून तुला सविस्तर सांगते.

माझ्या वेळी गोवा विद्यापीठ नव्हतं. ते १९८५ साली सुरू झालं. आमची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. मी मुंबईला जाऊन वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केली, विशेष विषय कवकशास्त्र. दोन वर्षं बुरशा शोधल्या, बशीत वाढवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांची चित्रं काढली. १९८० साली घरी सावईवेऱ्याला परतले आणि वर्षभरात वनस्पती रोगशास्त्राच्या एका जागेची जाहिरात वाचली. मला वाटलं, ही आपलीच जागा. अर्ज पाठवला. तीन आठवड्यांनी तो परत आला. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं एकच ओळ होती : पदवी कृषी शाखेची नाही. आबांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "पण बुरशी तीच ना गे?"

बुरशी तीच होती. पण आपल्याकडे वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. सर्वसाधारण विद्यापीठांत असते, आणि त्यांचे नियम विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो. शेतीची एम.एस्सी. कृषी विद्यापीठांत असते. तिचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषद, म्हणजे आपण जिला आयसीएआर म्हणतो, ती आखून देते. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या परीक्षाही वेगळ्या. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचं तर जीवविज्ञानाची नेट किंवा राज्याची सेट. कृषी विद्यापीठात शिकवायचं तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची, म्हणजे एएसआरबीची नेट. एका घराची किल्ली दुसऱ्या घराला क्वचितच लागते. मी पुढे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, साडेतीन दशकं शिकवलं, मनापासून शिकवलं. तरी ती लाल ओळ मला आजही दिसते, म्हणून तुझ्या पत्राला इतकी जागा.

आता शेतकी विद्यापीठात अभ्यासाची वाटणी कशी असते ते बघ. विभागांची नावं पाठ करून काही कळत नाही, म्हणून तुझ्याच कुळागरात जाऊ.

श्रावणात पावसाची झड लागून राहिली असताना पोफळीखाली उभी राहा. हिरवी बेडी, म्हणजे ओल्या सुपाऱ्या, गळून पडलेली दिसतील. एक उचल. देठाच्या बाजूला पाणी मुरल्यासारखा काळपट हिरवा डाग असेल, सालीची चकाकी गेलेली. ते बेडं ओल्या कागदात गुंडाळून ठेव. दोनेक दिवसांत त्यावर पांढरी लव चढेल. हा कोळेरोग. करणारी फायटोफ्थोरा. दिसायला बुरशीसारखी, पण खऱ्या बुरशांच्या कुळातली नाही. तिचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात, म्हणूनच तिला झडीचा पाऊस लागतो. म्हैसूर संस्थानात डॉ. लेस्ली कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाचा अभ्यास करून मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची शिफारस केली, आणि आजही आपण तेच फवारतो.

त्या एका बेड्यावर काम करणारे किती विभाग आहेत बघ. रोग कोण करतं, कधी पसरतं, फवारणी केव्हा घ्यायची, हे वनस्पती रोगशास्त्राचं काम. बागेत ओल का साठते, चर किती खोल हवा, आपल्या जांभ्या दगडाच्या आंबट मातीत चुना आणि पालाश किती घालायचं, हे मृदशास्त्राचं. दोन पोफळींत अंतर किती ठेवायचं, मध्ये मिरी आणि केळ कशी बसवायची, हे उद्यानविद्येचं. उद्यानविद्येतसुद्धा फळं, भाज्या, फुलं आणि लागवडीची व मसाल्याची पिकं अशा निरनिराळ्या शाखा आहेत. रोगाला दाद न देणारं वाण काढायचं, ते अनुवंशशास्त्र आणि वनस्पती पैदास या विभागाचं. हा विभाग महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांत 'कृषी वनस्पतिशास्त्र' या नावाखाली सापडतो, त्यामुळे तुझ्यासारख्यांचा हमखास गोंधळ होतो. कोळी आणि ढेकण्या झाडाचा रस शोषतात, ते कीटकशास्त्राकडे. उंच पोफळीवर न चढता खालून फवारता येईल अशी लांब काठी बनवणं कृषी अभियांत्रिकीचं, तिला मात्र अभियांत्रिकीचीच पदवी लागते. आणि फवारणी करायची माहिती असूनही माणूस ती वेळेवर का करत नाही, हा प्रश्न विस्तार शिक्षणाचा. या शेवटच्या विभागाला लोक हलकं समजतात. मी समजत नाही. आमच्याकडे दोन वर्षं फवारणी चुकली ती औषधाअभावी नव्हे. या झाडावरून त्या झाडावर झेपावत जाणारा पाडेली म्हातारा झाला आणि त्याच्या मुलानं तो धंदा सोडला, म्हणून चुकली.

तेव्हा 'मला शेतीत एम.एस्सी. करायचीय' असं म्हणून भागत नाही. या बेड्याकडे बघताना तुझ्या मनात पहिला प्रश्न कुठला येतो, त्यावरून विभाग ठरतो.

आता तुझ्यापुरतं. वनस्पती रोगशास्त्र, कृषिविद्या (पीक लागवडीचं शास्त्र), कीटकशास्त्र या विषयांच्या एम.एस्सी.ला कृषी विद्यापीठं सहसा बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या अशी चार वर्षांची पदवी मागतात. तुझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे, पण ते दार तुझ्यासाठी बहुतेक ठिकाणी बंद असेल. मात्र त्याच घराच्या एका बाजूला तुझ्यासाठी दारं आहेत. वनस्पती जैवतंत्रज्ञान, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि काही ठिकाणी वनस्पती शरीरक्रियाशास्त्र, या विषयांना काही विद्यापीठं नुसत्या बी.एस्सी.वरही घेतात. कोणतं विद्यापीठ घेतं हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत 'पात्रता' या रकान्यात असतं. तो रकाना फी भरण्याआधी वाच. जैवतंत्रज्ञानासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची गॅट-बी ही वेगळी परीक्षाही आहे. तिच्यावर कृषी जैवतंत्रज्ञानाच्या जागा मिळतात, आणि आपल्या गोवा विद्यापीठातल्या सागरी जैवतंत्रज्ञानाच्याही.

दुसरी वाट घरच्यांची. गोवा विद्यापीठात जीयू-आर्ट ही प्रवेश परीक्षा देऊन वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी., दोन वर्षं, चार सत्रं. ही वाट दुय्यम आहे असं मनात आणू नकोस. शेतकी विद्यापीठात पंधरा-वीस पिकांचा सखोल अभ्यास होतो. वनस्पतिशास्त्रात शेवाळापासून खारफुटीपर्यंत सगळी वनस्पतिसृष्टी समोर येते, आणि तिच्यासाठी मोलें, खोतिगाव, चोडणचं खारफुटीचं रान हाताशी आहे. शेवटच्या वर्षाच्या शोधकामासाठी रोगाचा विषय मागून घे. जुन्या गोव्याला एला इथं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आयसीएआरची. तिथं भात, काजू, मसाल्याची पिकं, सगळ्यांवर काम चालतं. खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाडीकाठी केलेल्या शेतांतल्या, खाऱ्या मातीत तगणारी 'गोवा धान' मालिकेतली भाताची वाणं तिथलीच. पुढे पीएच.डी.साठी सीएसआयआरची, म्हणजे तीच जीवविज्ञानाची, नेट जेआरएफसह (कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्तीसह) काढलीस तर महिना ३७ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते, ही २०२३ पासूनची रक्कम. तेवढ्यात मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते. घरच्यांना हे जरूर सांग.

मी तुझ्या जागी असते तर या महिन्यात फक्त एक काम केलं असतं. कृषी विद्यापीठांतले प्रबंध 'कृषिकोश'वर ठेवलेले असतात आणि इतर विद्यापीठांतले पीएच.डी.चे 'शोधगंगा'वर. दोन्ही फुकट वाचता येतात. सुपारी, मिरी, फायटोफ्थोरा असे शब्द घालून शोध. दहा प्रबंधांची नुसती प्रस्तावना आणि शेवटची पानं वाच. कुणाचं काम वाचताना तुला जेवायची आठवण राहिली नाही, त्याच्या मार्गदर्शकाचं नाव वहीत लिही. मग त्या विभागाचं दार तुझ्या पदवीला उघडतं का ते बघ. विद्यापीठाचं नाव या क्रमात शेवटी येतं. बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोणी सांगतं दिल्लीची परीक्षा दे, कोणी सांगतं दापोलीला जा, कोणी धारवाड. शेतकऱ्याच्या मुलाला बाहेर शिकायला खर्च किती येईल, काही मदत मिळते का?
— एक पालक, पेडणे

उत्तर : भाऊ, ज्याला लोक दिल्लीची परीक्षा म्हणतात ती आयसीएआरची अखिल भारतीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षा. २०१९ पासून ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते. एकच परीक्षा, पण विषयगटांत वाटलेली. वनस्पती विज्ञानाच्या गटात पैदास, रोगशास्त्र, बियाणे असे विषय येतात. कृषिविद्या, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, समाजविज्ञान यांचे गट वेगळे. अलीकडच्या वर्षांत १२० प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं तर १ वजा, अशी रचना आहे. मुलानं गट आत्ता ठरवायला हवा. गट ठरला की वाचायची पुस्तकं ठरतात, आणि आयत्या वेळी गट बदलणाऱ्याचं वर्ष वाया गेलेलं मी पाहिलंय.

या परीक्षेतून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेसारख्या केंद्रीय संस्था मिळतात. लोक तिला पूसा म्हणतात. ती १९०५ साली बिहारातल्या पूसा गावी सुरू झाली, १९३४ च्या भूकंपात इमारत पडल्यावर दिल्लीला आली, आणि गावाचं नाव बरोबर घेऊन आली. त्याशिवाय राज्यांच्या कृषी विद्यापीठांतल्या काही जागाही याच परीक्षेतून भरतात. म्हणजे धारवाड, कोईमतूर, त्रिशूर, दापोली, सगळीकडचा एक वाटा याच दारानं. उरलेल्या जागा त्या त्या राज्याच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेनं भरतात. तिथं रहिवासाच्या अटी असतात, आणि गोव्याचा दाखला तिथं चालेल असं गृहीत धरू नका.

तुमच्या भागातली शेती बघता माझं मन दापोलीकडे झुकतं. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. तिथली माती तांबडी, पाऊस आपल्यासारखा, पिकंही आपलीच : भात, आंबा, काजू, नारळ, कोकम. पेडण्याहून जवळ असलेलं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याच विद्यापीठाचं. 'वेंगुर्ला ४', 'वेंगुर्ला ७' ही काजूची वाणं तिथली, आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून काढलेला 'रत्ना' आंबाही तिथलाच. तिथं शिकलेलं मुलगा घरी येऊन दुसऱ्या दिवशी वापरू शकेल. पण त्याला गव्हावर किंवा द्राक्षावर काम करायचं असेल तर हे सगळं विसरा आणि त्याला त्या पिकाच्या मुलखात पाठवा.

मदत मिळते. परीक्षेत वर आलेल्यांना आयसीएआरची पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते, महिना १२,६४० रुपये. ती नाही मिळाली आणि मुलगा या परीक्षेतून आपल्या राज्याबाहेर शिकायला गेला, तर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा बराचसा खर्च त्यात निघतो. अर्ज भरण्याआधी एकच गोष्ट तपासा : त्याच्या महाविद्यालयाला आणि पदवीला आयसीएआरची अधिमान्यता आहे का. प्रवेशाच्या टेबलावर पहिला कागद तोच मागतात. महाविद्यालयाच्या कार्यालयातून तसं लेखी घेऊन ठेवा, तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका.

प्रश्न : मी बाहेरगावी कृषी विद्यापीठात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. इथं मुख्य विषय, गौण विषय, सहाय्यक विषय, सल्लागार समिती, क्रेडिट यांनी डोकं चक्रावलंय. मला मातीत काम करायचं होतं आणि मी संख्याशास्त्राची गणितं सोडवत बसलोय. हे कशासाठी?
— एक विद्यार्थी, मूळ वाळपई

उत्तर : क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप. तुझी एम.एस्सी. ७० क्रेडिटची आहे. २० मुख्य विषयाची, ८ गौण विषयाची, ६ सहाय्यक, ५ सगळ्यांना सारख्या असलेल्या अभ्यासाची, १ परिसंवादाचं. हे झाले ४०. उरलेली ३० प्रबंधाची. पुढे पीएच.डी.ला शंभरांतली ७५ प्रबंधाचीच. म्हणजे वर्ग, परीक्षा, ग्रंथालयाचा आणि प्रयोगशाळेचा अभ्यास ही पूर्वतयारी, आणि खरी पदवी शेतातल्या प्रयोगाला. गौण विषय शेजारच्या विभागाचा असतो. तुझा मुख्य विषय रोगशास्त्र असेल तर गौण म्हणून कीटकशास्त्र किंवा पैदास घे, सोपा म्हणून सांगितलेला घेऊ नकोस. सल्लागार समितीत तुझे मार्गदर्शक असतात आणि त्या शेजारच्या विभागांतली माणसंही. संशोधनाचा आराखडा त्यांच्यापुढे मांडावा लागतो. मुलं त्या बैठकीला घाबरतात. मी म्हणते, तिथं तासभर बोलणी खा, म्हणजे शेतातली दोन वर्षं वाचतील.

संख्याशास्त्राचं विचारलंस ते बरं झालं. यावर मला पोटतिडकीनं सांगायचंय.

नोकरी लागल्यावर तीन-चार वर्षांनी मी ठरवलं, आपल्याच कुळागरात कोळेरोगावर पद्धतशीर प्रयोग करायचा. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. मोरचूद अर्ध्या पाण्यात वेगळं विरघळवायचं, चुना उरलेल्या अर्ध्यात, आणि मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचं. भांडी प्लास्टिकची किंवा लाकडी, लोखंडाची नाही. मिश्रण झालं की लोखंडी कोयतीचं घासलेलं पातं त्यात क्षणभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर आला तर तांबं मोकळं राहिलंय, अजून चुन्याची निवळी घालायची, नाहीतर घोस करपतात. पातं स्वच्छ निघेपर्यंत आबा आणि मी चौकावर बसून हे करत होतो. मिश्रण निर्दोष झालं होतं, यावर मी आजही शपथ घेईन.

पावसाच्या तोंडाला फवारणी झाली, पंचेचाळीस दिवसांनी दुसरी झाली. फवारलेली झाडं पाटाकडची खालची, कारण तिथं पाणी जवळ आणि पिंप न्यायला सोपं. न फवारलेली, तुलनेसाठी ठेवलेली, वरच्या चौकातली, म्हणजे बागेच्या वरच्या तुकड्यातली. भाद्रपदात गळलेली बेडी रोज सकाळी मोजली, वहीत लिहिली. महिनाभर मोजून हिशेब केला तर फवारलेल्या झाडांखाली बेडी जास्त. आबा काही बोलले नाहीत. मी वही घेऊन एका ओळखीच्या शेतकी शास्त्रज्ञांकडे गेले. त्यांनी आकडे बघितलेच नाहीत. विचारलं, "खालचा चौक कुठला आणि वरचा कुठला?" मी कागदावर पाट काढला, चौक काढले, आणि काढता काढताच माझं मला कळलं. पाटाकडची हवा सदा ओली, ऊन उशिरा, रोग तिथं दरवर्षीच दुप्पट. मी औषधाची परीक्षा घेतलीच नव्हती, बागेच्या उताराची घेतली होती. त्या हंगामाचे आकडे, आबांचे कष्ट, सगळं त्या एका चुकीत गेलं.

तुझी ती गणितं ही चूक टाळण्यासाठी आहेत. यादृच्छिक गटरचना शिकवतील, तेव्हा समोर फळा न बघता उतार बघ. एका गटातली सगळी झाडं उताराच्या एकाच पातळीवर हवीत. पाटाकडचा एक गट, मधला एक, वरचा एक, आणि प्रत्येक गटात फवारलेलीही आणि न फवारलेलीही, कुठलं झाड कशाला ते चिठ्ठी टाकून. मग पाटाकडे रोग जास्त असला तरी तो दोघांनाही सारखाच जास्त. खाजनातल्या भातावर काम करणार असशील तर उताराच्या जागी खारटपणा धर. मानशीजवळची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळची, माती आणि बांधापासून दूरची माती एकसारखी नसते. जागेवर जाऊन मातीचे नमुने आधी काढ, गट मग पाड.

हे मला एम.एस्सी.त कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र होतं ते पानांची लांबी मोजून सरासरी काढण्याइतकं. तुझ्या सहाय्यक विषयात ते नीट आहे. सहा क्रेडिटमधला एक तासही बुडवू नकोस.

एक शेवटचं. नारळ, सुपारी, काजू यांच्यावर प्रबंधाचा विषय घेताना वेळेचा हिशेब कर. रोपापासून फळापर्यंत कित्येक वर्षं जातात आणि तुझ्याकडे जेमतेम दोन हंगाम आहेत. मोठ्या झाडांवर काम करायचं तर आधीच लावलेली, नोंदी असलेली बाग शोध. पैदाशीचं काम करायची हौस असेल तर भात किंवा चवळी घे. पहिल्या पावसाची पेरणी चुकली तर पुढचा पाऊस वर्षानं येतो, म्हणून आराखडा एप्रिलच्या आत समितीकडून मंजूर करून घे.

प्रश्न : मी चव्वेचाळीस वर्षांची, बी.ए. झालेली. खोला गावात डोंगरउतारावर मिरची करतो. आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण हल्ली झाडं एकसारखी येत नाहीत, कुणाचं फळ आखूड, कुणाचं तिखट कमी. हे नीट समजून घ्यायला मला एम.एस्सी. करता येईल का?
— एक शेतकरी बाई, काणकोण

उत्तर : बी.ए.वरून शेतीची एम.एस्सी. होत नाही, विज्ञानाची पदवी लागते. पण तुमचा प्रश्न एम.एस्सी.च्या प्रबंधाच्या तोडीचा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला पदवी लागत नाही.

खोला मिरचीला २०२० साली मानांकन मिळालं ते तिच्या वेगळेपणामुळे, आणि तो वेगळेपणा बियाण्यात आहे. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण मधमाशा शेजारच्या मिरचीचा परागही आणतात. कुणी जवळ बाजारातलं संकरित बियाणं लावलं की तुमच्या बियाण्यात मिसळ होते, आणि ती त्या वर्षी दिसत नाही, पुढच्या वर्षीच्या झाडांत दिसते. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींमध्ये २०० मीटर अंतर सांगितलंय, पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर. खोल्याच्या उतारावर एवढं अंतर मिळणं कठीण, हे मला कळतं.

मग असं करा. मडगावला दक्षिण गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं ही तक्रार याच शब्दांत मांडा आणि दोन-तीन फळं सोबत न्या. शेतकऱ्यानं राखलेल्या वाणाची नोंद २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्यांच्या नावानं करता येते, त्याबद्दलही तिथं विचारा. गावातल्या पाच-सात बायका मिळून गेलात तर उत्तम.

आणि यंदाच सुरुवात करा. रोपं हातभर झाली की सगळ्या वाफ्यात फिरून तुमच्या सासूबाई 'हीच आपली मिरची' म्हणतील अशी पंधरा-वीस झाडं निवडा, त्यांना लाल दोरा बांधा. कळ्या दिसायला लागल्या की फुलं उमलण्याआधी त्यांच्यावर काठ्या रोवून जुनी मच्छरदाणी घाला आणि कडा मातीत दाबा. आतल्या फुलांना माशी लागणार नाही, तरी फळं धरतील. पिकून पूर्ण लाल झालेली फळंच घ्या, सावलीत वाळवा. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर झाडाचा क्रमांक लिहा. पुढच्या मिरगाला ते वेगवेगळ्या ओळींत लावा. कुठल्या ओळीतली झाडं एकसारखी आली ते मला कळवा.